शेजारच्या मावशींबरोबर रविवारच्या उपासनेला बसायचे आहे. काय पाळावे लागते?

गंगापूररोडवासी :

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका जुन्या सोसायटीत राहतो. आमच्या तळमजल्यावर एक मावशी राहतात. त्या परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या असून आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना रिक्षात चढणे-उतरणे जमत नाही आणि मुलगा पुण्याला असतो. त्यामुळे गेले आठ महिने दर रविवारी सकाळी मी त्यांना गाडीने चर्चला नेतो आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली गाडीत वर्तमानपत्र वाचत बसतो. चर्च मराठी मंडळीचे आहे, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). नाव मुद्दाम लिहीत नाही.

परवा परत येताना मावशी म्हणाल्या, "आठ महिने तू वॉचमनसारखा बाहेर बसतोस आणि मला आत बसून गाणी म्हणायची लाज वाटते. येत्या रविवारी आत ये." मी हो म्हटले. मग जिना चढता चढता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्याशेजारी बस. पण मी प्रभुभोजनाला पुढे गेले की तू मात्र बाकावरच थांब."

खरे सांगायचे तर हे दुसरे वाक्य मला थोडे लागले. देवळात आमच्याकडे प्रसाद कुणालाही देतात, आणि इथे ज्यांनी स्वतःहून बोलावले त्यांनीच आधी मर्यादा सांगितली. त्यांना विचारले तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून इथे विचारतो. यामागचा अर्थ काय? बाकीच्या वेळी मी काय करावे : सगळे उभे राहिले की उभे राहायचे का, गुडघे टेकले की टेकायचे का, दानाची पिशवी समोर आली तर काय करायचे? आईने फक्त एवढेच विचारले, "तिथे काही घ्यावे-प्यावे लागते का?" आणि त्याचेही उत्तर मला देता आले नाही. शरणपूर रस्त्यावरून मी रोज कामाला जातो, पण त्या नावामागे काय आहे, हेसुद्धा मला ठाऊक नाही, हे लिहिताना जाणवले.

शरणपूरचा नातू :

प्रश्न फार नीट विचारला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी सीएनआयच्या एका मंडळीत बरीच वर्षे पंच, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, म्हणून काम केले आहे.

आधी तुम्हाला लागलेल्या वाक्याबद्दल. प्रभुभोजन म्हणजे प्रसाद नव्हे, आणि सगळा गैरसमज त्या एका तुलनेतून होतो. प्रसाद आलेल्याला देतात, कारण तो देवाच्या घरचा पाहुणचार असतो. भाकर आणि द्राक्षरस घेणे ही मात्र ज्याने-त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली असते की ख्रिस्ताच्या देहाशी आणि रक्ताशी माझा करार आहे. ज्याने तो करार केलेला नाही, त्याच्याकडून ती कबुली नकळत वदवून घेणे हाच आमच्या दृष्टीने त्याचा अपमान आहे. आता मुख्य गोष्ट ऐका. मी पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, घरात जन्मलो, बाळपणीच माझा बाप्तिस्मा झाला, शब्बाथ शाळेत वचनांच्या पाठांतराची बक्षिसे मिळवली. तरीही वयाच्या पंधराव्या वर्षी दृढीकरण होईपर्यंत, म्हणजे बाप्तिस्म्याची कबुली मी स्वतः मंडळीसमोर देईपर्यंत, प्रत्येक प्रभुभोजनाला मी बाकावरच बसून होतो. आईवडील उठून पुढे जात, कठड्याशी गुडघे टेकत आणि मी शेजारच्या धाकट्या भावाला चिमटे काढीत बसे. मावशींनी तुम्हाला त्या बाकावर बसायला सांगितले आहे, ज्यावर त्यांची स्वतःची मुलेही एकेकाळी बसलेली असणार. परक्यासाठी वेगळी काढलेली जागा ती नव्हे.

आता क्रम. आत जाताना दारात एखादा सेवक तुम्हाला गीतांचे पुस्तक देईल. मराठी मंडळ्यांत ते बहुधा 'उपासना संगीत' असते. पुढच्या भिंतीवर लाकडी पाटीवर आकडे लावलेले दिसतील. ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक असतात, पानांचे नव्हे. नवा माणूस हमखास इथेच चुकतो. सुरुवातीच्या गीताला सगळे उभे राहतात. मग पापांगीकार होतो, तो गुडघे टेकून किंवा नुसते पुढे वाकून म्हणतात. मावशींच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले आहे, म्हणजे त्या बसूनच म्हणतील. तुम्हीही बसा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यानंतर शास्त्रवाचने होतात : जुन्या करारातून एक, पत्रांतून एक, आणि शेवटी शुभवर्तमानातून एक. शुभवर्तमानाला पुन्हा उभे राहायचे. मग उपदेश, आणि त्यानंतर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा मतांगीकार. तो तुम्ही म्हणू नका, कारण ते 'मी मानतो' असे प्रथमपुरुषी विधान आहे. सभ्यपणे उभे राहणे पुरे. पुढे शांतीच्या अभिवादनाला शेजारपाजारचे लोक हात जोडतील किंवा हात मिळवतील. त्या वेळी संकोच करू नका, कारण त्या मिनिटात पाळकसाहेबांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे एकमेकांकडे वळलेले असतात.

दानाची पिशवी समोर येते तेव्हा पाहुण्यावर कसलेही बंधन नसते. ती लांब दांड्याची मखमली पिशवी मुद्दाम खोल शिवलेली असते, म्हणजे कुणी काय टाकले ते शेजाऱ्याला कळू नये. काही टाकायचे नसेल तर ती सरळ पुढच्याकडे सरकवायची. आईंना सांगा, तिथे काहीही घ्यावे-प्यावे लागत नाही. उपासना संपल्यावर चहा मात्र घ्यावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

प्रत्येक रविवारी प्रभुभोजन असतेच असे नाही. आमच्याकडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. काही मंडळ्या दर रविवारी ठेवतात. मावशींनी मुद्दाम उल्लेख केला त्या अर्थी तुम्ही पहिल्या रविवारी जात असाल.

शरणपूरविषयी : शरण आलेल्यांचे पूर, असा त्या नावाचा साधा अर्थ आहे. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला 1832 मध्ये काम सुरू केले आणि 1850 च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याच्या पुढाकाराने, तेव्हाच्या गावाबाहेर, ही वसाहत उभी राहिली. धर्म बदलल्यावर घर, जात आणि काम हे तिन्ही एका दिवसात सुटत असे. अशा माणसाला राहायला छप्पर आणि हाताला धंदा मिळावा म्हणून तिथे शाळेबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवीत. पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात, त्यांतली कित्येक इथे आणून वाढवली गेली. आफ्रिकेत फिरणारा प्रसिद्ध मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 साली आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुले होती. त्यांपैकी जेकब वेनराइटने लिव्हिंग्स्टनचे हृदय जिथे पुरले तिथल्या झाडावर नाव कोरले, शवाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत पेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. त्याच सुमारास प्राइस पूर्व आफ्रिकेत गेला आणि मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसवली गेली. नाशिकची मुले तिथले शिक्षक आणि कारागीर झाली. तुम्ही रोज ज्या रस्त्यावर सिग्नलला थांबता, त्याचा हा एवढा लांबचा पल्ला आहे. शरणपूरचे संत आंद्रिया चर्च आजही उभे आहे.

नाशिकरोडची :

वरील उत्तर नीटच आहे, पण ते एका घराण्याचे आहे. दुसऱ्या घराण्याकडूनही थोडे लिहिते, कारण पुढे कधी एखाद्या लग्नाला किंवा मयताला कॅथलिक चर्चमध्ये जाल आणि सगळे तसेच असेल असे धरून चालाल.

आमच्याकडे पाळक नाहीत, फादर आहेत. ते अविवाहित असतात, त्यामुळे पाळकबाई हा मंडळीतला मोठा आधार आमच्याकडे नाही. आमची मुख्य उपासना मिस्सा. ती दर रविवारी असतेच, किंबहुना रोज असते, आणि तिच्यात ख्रिस्तप्रसाद नसतो असा रविवार येत नाही. लक्षात घ्या, आम्ही त्याला प्रसादच म्हणतो. वरच्या दादांनी तुलनेवर ठेवलेले बोट बरोबर आहे, पण शब्द आम्ही तोच घेतला आहे, आणि म्हणूनच आमच्या दारात अधिक घोटाळा होतो. माझ्या लग्नात माझ्या ऑफिसमधल्या दोन मैत्रिणी भाबडेपणाने रांगेत उभ्या राहिल्या. एकीने हातावर घेतलेली होस्टी, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकरीची पातळ चकती, रुमालात बांधून आईसाठी घरी नेली. तिचा हेतू शंभर टक्के भक्तीचा होता. माझ्या आजीला मात्र कळले तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही, कारण आमच्या श्रद्धेप्रमाणे तो साक्षात ख्रिस्त असतो आणि तो कुणाच्या रुमालात राहिला, या विचाराने तिला झोप लागेना. शेवटी फादर स्वतः त्या मैत्रिणीच्या घरी गेले, चहा प्यायले, समजावून सांगितले आणि होस्टी परत घेऊन आले. तेव्हा मावशींनी तुम्हाला आधीच सांगून ठेवले, हा त्यांचा शहाणपणा आहे.

आमच्यातही नियम आमच्याच माणसांवर अधिक कडक आहे. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचे नसते, आणि मोठे पाप मनावर असेल तर आधी पापनिवेदन करावे लागते. म्हणून एखाद्या रविवारी चांगला बाप्तिस्मा झालेला माणूसही मान खाली घालून बाकावर बसलेला दिसतो आणि शेजारचा त्याला 'का' असे विचारीत नाही. हे न विचारणे हा मिस्सेचा एक अलिखित भाग आहे. काही ठिकाणी न घेणारा माणूस रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवतो आणि फादर त्याला नुसता आशीर्वाद देतात. पण ही पद्धत सगळीकडे नाही, तेव्हा विचारल्याशिवाय करू नये.

नाशिकरोडला आमची मंडळी का वाढली, याचे कारण रेल्वे, नोटांचा छापखाना आणि तोफखाना. गोव्याचे, तमिळ, मल्याळी, अँग्लो-इंडियन आणि अहमदनगरकडचे मराठी असे सगळे नोकरीसाठी आले आणि एकाच धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बसले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1962 ते 65 पर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, तेव्हा भाषेचे भांडण नव्हते, कारण कुणालाच कळत नसे! आता मराठी मिस्सा किती वाजता आणि इंग्रजी किती वाजता, यावर दरवर्षी सभा होते आणि दरवर्षी मराठीवाल्यांना पहाटेची वेळ मिळाल्याची तक्रार असते. मी त्या तक्रार करणाऱ्यांपैकी एक आहे. नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून 1987 मध्ये वेगळा झाला आणि पहिले बिशप थॉमस भालेराव हे मराठी माणूस होते, याचा माझ्या वडिलांना फार अभिमान होता. फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवारी-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते, त्या दोन दिवसांत मात्र सगळ्या भाषांतल्या मिस्सा एकापाठोपाठ होतात आणि येणाऱ्यांत इतर धर्मांचे लोकही पुष्कळ असतात. तिथे मेणबत्ती लावायला कुणालाही आडकाठी नाही. तुमच्या आईंना चर्च आतून पाहायचे असेल तर त्यांना त्या दिवशी आणा. गर्दीत त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही.

आठवड्याचे म्हणाल तर रविवार हा फक्त माथा. बुधवारी नोव्हेना नावाची खास प्रार्थना, इस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट ही प्रार्थना, ऑक्टोबरमध्ये घरोघरी जपमाळ. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते, हे पाळीवर काम करणाऱ्यांसाठी मोठे सोयीचे आहे.

तपोवन :

माझा प्रश्न सरळ आहे, राग मानू नये. आत जाऊन बसायला लागले की पुढे हळूहळू बाप्तिस्म्याची गोष्ट निघते, असे आमच्याकडे बोलले जाते. प्रश्नकर्त्यांनी याचाही विचार करावा.

शरणपूरचा नातू :

रागाचा प्रश्न नाही, विचारलेले बरे. उपासनेत बसल्याने कुणी ख्रिस्ती होत नाही, जसे कीर्तन ऐकून मी वारकरी झालो नाही, जरी काळाराम मंदिराबाहेर उभे राहून मी कीर्तने पुष्कळ ऐकली आहेत. प्रौढाचा बाप्तिस्मा ही अनेक महिन्यांच्या शिक्षणानंतर, साक्षीदारांसमोर होणारी आणि नोंदवहीत सही करून नोंदवली जाणारी गोष्ट आहे. आठ महिने गाडीत बसलेल्या माणसाला सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने ऊन लागते म्हणून आत बोलावले, तर त्यात दुसरे काही शोधू नये, असे माझे मत आहे.

रेल्वे कॉलनी :

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका रेल्वेच्या गावात राहतो. शहरातल्या मंडळींचे वाचून हेवा वाटला, म्हणून चार ओळी लिहितो.

इंजिनांचा काळ होता तेव्हा आमच्या चर्चमध्ये बसायला जागा नसे, असे वडील सांगत. आता रविवारी आम्ही अठरा ते बावीस माणसे असतो, आणि बावीस म्हणजे कुणाकडे तरी पाहुणे आलेले असतात. स्वतंत्र पाळक ठेवणे आम्हाला परवडत नाही. एकच पाळकसाहेब तीन मंडळ्या सांभाळतात आणि महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, आमच्याकडे येतात. बाकीच्या रविवारी आमच्यापैकीच कुणीतरी उपासना चालवतो. गीत, प्रार्थना, वाचन आणि उपदेश एवढे चालते, पण प्रभुभोजन देण्याचा अधिकार दीक्षित पाळकालाच आहे. म्हणजे वरच्या चर्चेत ज्या भाकरीपासून पाहुणा दूर राहतो, तिच्यासाठी आमची अख्खी मंडळी महिना महिना वाट पाहते. गेल्या वर्षी पावसात पाळकसाहेबांची गाडी घाटात अडकली. ताट झाकून ठेवलेले होते. दुपारी एकपर्यंत आम्ही गीते म्हणत बसलो आणि मग ताट तसेच उचलून ठेवले.

द्राक्षरस आमच्याकडे अजून घरीच करतात. शनिवारी रात्री काळ्या मनुका धुऊन पाण्यात टाकायच्या, पहाटे उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. माझी आई हे करायची, आता बायको करते. नाशिक जिल्ह्यात एवढी द्राक्षे पिकत असताना मनुका कशाला, असे कुणी विचारले तर उत्तर एवढेच की द्राक्षे वर्षभर नसतात आणि प्रभुभोजन वर्षभर असते.

एक उपयोगाची सूचना : लहान गावात पाहुणा आला की सूचनांच्या वेळी त्याला उभे करून नाव विचारतात आणि टाळ्या वाजवतात. शहरातही काही ठिकाणी करतात. अवघडून जाऊ नका, 'मावशींना घेऊन आलो आहे' एवढे सांगून बसा.

जुना पेटीवाला :

सगळ्यांनी उभे कधी राहायचे आणि बसायचे कधी ते सांगितले; गायचे की नाही हे कुणीच सांगितले नाही. मतांगीकार म्हणू नका, हे शरणपूरच्या नातवांचे म्हणणे मला मान्य आहे. पण गीते म्हणा. न म्हणता बसलात तर उपासनेतले अर्धे तुम्ही बाहेरच ठेवून आलात.

मी छत्तीस वर्षे मंडळीत पेटी वाजवली. मिशनऱ्यांनी आपल्या चाली आणल्या, त्यांत मराठी शब्द कोंबले आणि ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लावली. त्या चाली आजही आहेत आणि त्यांतल्या काही मला प्रिय आहेत, हेही कबूल करतो. पण मराठी मंडळी खऱ्या अर्थाने गायला लागली ती कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक या ख्रिस्ती कवींमुळे. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, ओवी आणि आर्या मागे सोडल्या नाहीत. ज्ञानोबा-तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते मानीत, आणि कीर्तनही करीत. त्यांची शेकडो गीते आमच्या पुस्तकात आहेत. तुमच्या गंगापूर रस्त्याच्या जवळच नदीकाठी जलालपूर आहे ना, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर. म्हणजे तुम्ही काही फार परक्या घरी निघालेले नाही. पाटीवरच्या आकड्यांतला एखादा अभंग निघाला तर तुम्हाला चाल शिकवावी लागणार नाही. पहिल्या कडव्यात ऐका, दुसऱ्यात सामील व्हा.

हल्ली पडद्यावर शब्द दाखवतात आणि ड्रमच्या आवाजात म्हाताऱ्यांचे स्वर बुडून जातात, याबद्दल मला पुष्कळ म्हणायचे आहे. पण तरुण संघातल्या ज्या पोरांना मी नावे ठेवतो तीच पोरे दर रविवारी सात वाजता येऊन बाक पुसतात, म्हणून गप्प बसतो. तबला मात्र टिकवा, एवढे माझे मागणे त्यांना कळवले आहे.

आणखी एक. मावशींच्या पिशवीकडे लक्ष ठेवा. त्यांच्या वयाच्या बायका शास्त्र, म्हणजे बायबल, आणि गीतपुस्तक घरून आणतात, आणि त्या पुस्तकात कुणाकुणाच्या मयताची कार्डे, बाप्तिस्म्याच्या तारखा, सुकलेली फुले ठेवलेली असतात. ते पुस्तक त्यांनी तुमच्या हातात दिले तर जपून उघडा.

गंगापूररोडवासी :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, म्हणून जे झाले ते लिहितो.

आम्ही पंधरा मिनिटे आधी पोहोचलो, कारण मावशींना डावीकडच्या पंख्याखालचा तिसरा बाक हवा असतो आणि तिथे उशिरा गेले तर कुणीतरी बसलेले असते. दारात मला पुस्तक देऊ लागले, पण मावशींनी 'त्याच्याकडे आहे' असे सांगून स्वतःचेच पुस्तक माझ्या हातात दिले. पेटीवाले काकांचे शब्द आठवले. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांच्या यजमानांचे नाव आणि 1971 असे निळ्या शाईत लिहिलेले होते, आणि मध्ये कुठेतरी रेल्वेचे एक जुने पुठ्ठ्याचे तिकीट होते, नाशिकरोड ते दौंड. ते कशाचे, हे मी विचारले नाही. त्या स्वतः पुस्तक न पाहताच गात होत्या.

आकड्यांच्या बाबतीत मी चुकलोच. क्रमांकाऐवजी पान उघडले आणि एक पूर्ण कडवे भलतेच गीत वाचत उभा राहिलो. पुढच्या बाकावरच्या सात-आठ वर्षांच्या मुलीने मागे वळून पाहिले आणि काही न बोलता माझे पुस्तक योग्य जागी उघडून दिले. तिसरे गीत खरोखरच अभंगाच्या चालीचे निघाले. मी गायलो, हळू, पण गायलो.

प्रभुभोजनाच्या वेळी बाकाबाकाने लोक उठू लागले. आमच्या बाकाची पाळी आली तेव्हा मावशींनी काठी माझ्या हातात दिली आणि कठड्यापर्यंतची दहा-बारा पावले बाकांना धरत गेल्या. मी काठी घेऊन बसलो होतो, शेजारी ती पुढच्या बाकावरची मुलगी आणि तिचा भाऊ. त्यांचे आईवडीलही पुढे गेले होते. भाऊ तिला चिमटे काढत होता. शरणपूरच्या नातवांचे उत्तर वाचलेले नसते तर मी कदाचित तिथे अवघडून बसलो असतो, पण ते पाहून मला हसू आवरेना. मावशी परत आल्या, डोळे मिटून बराच वेळ बसल्या, मग काठी मागून घेतली.

सूचनांच्या वेळी एका मुलाचे लग्न ठरल्याचे दुसऱ्यांदा जाहीर झाले. हे तीन रविवार सांगतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवावी असे म्हणतात, हे मला नवीन होते. मलाही उभे केले. टाळ्या झाल्या. चहा दोनदा घ्यावा लागला. आईला सगळे सांगितले; तिने मनुका किती वेळ उकळतात एवढेच विचारले.

आता एक नवीन अडचण आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी कापणीचा सण आहे, प्रत्येकाने काहीतरी आणायचे आणि नंतर त्याचा लिलाव होतो, असे जाहीर झाले. मावशी म्हणतात, तूही आण. माझ्याकडे शेत नाही, गॅलरीत चार कुंड्या आहेत. काय न्यावे?

रेल्वे कॉलनी :

कुंडीतले जे असेल ते. आमच्याकडे गेल्या वर्षी कढीपत्त्याची एक जुडी एकशे साठ रुपयांना गेली, कारण दोन व्याही हट्टाला पेटले होते. घरची अंडी, लोणच्याची बरणी, विणलेला रुमाल, सगळे चालते. फक्त आपण नेलेली वस्तू आपणच बोली लावून परत आणू नये असा संकेत आहे.

नाशिकरोडची :

संकेत आहे खरा, पण मावशी स्वतः काय नेणार आहेत ते आधी विचारून ठेवा. त्या वयाच्या बायका आपल्या हातचा केक नेतात आणि तो कमी किमतीला गेला तर वर्षभर विसरत नाहीत. खिशात सुटे पैसे ठेवा आणि बोली चढवायला तयार राहा.